पुलाजवळच्या निळ्या टाचण्या

१

पूल जागेवर होता. पुलाभोवतीची माणसे तेवढी नाहीशी झाली होती.

माणसे म्हणजे टाचण्या. पण त्या प्रभागात गेला महिनाभर टाचणीलाच माणूस समजले जात होते. नवा विकास आराखडा कागदावर कुणाला उमगत नाही, म्हणून नियोजन कार्यालयाने वाचनालयाच्या दालनात, एका लांबरुंद टेबलावर, सगळ्या प्रभागाची प्रतिकृती मांडली होती. लाकडाची घरे, काचेचा कालवा, आणि खाली रंगवलेला बुचाचा जाड थर. जे ठिकाण आहे तसे राहावे असे वाटेल तिथे नागरिकाने निळी टाचणी खोचायची, नको असेल तिथे लाल, नवे काही हवे असेल तिथे पिवळी. टाचणी ज्याची त्याने स्वतःच्या हाताने लावायची आणि कोण कुठे लावतो ते दुसऱ्याने पाहायचे नाही. सुनावणीच्या वेळी जेवढ्या उभ्या असतील तेवढ्याच धरायच्या. जिथे एकही नसेल तिथला निर्णय कागदावरच व्हायचा.

सुनावणी त्याच दिवशी दुपारी होती. कालव्यावरच्या जुन्या लोखंडी पुलाच्या दोन्ही टोकांना काल संध्याकाळपर्यंत वीसेक निळ्या टाचण्यांची दाटी होती. सकाळी तिथे नुसती भोके उरली होती.

हे पहिल्यांदा पाहिले ते ओळंब्यांनी. हे त्यांचे आडनाव नव्हे. भूमापन खात्यात उभा जन्म काढलेल्या त्या गृहस्थांना तिथल्या सहकाऱ्यांनी दिलेले ते नाव. भिंत सरळ आहे की नाही हे पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. माणूस तसाच: सडसडीत, सरळ, आणि एकाच दोरीला लोंबकळणारा. ती दोरी म्हणजे नोकरी. ती तुटून बरीच वर्षे झाली, त्यानंतर पत्नीही गेली, आणि घरात दोन खोल्या, एक रेडिओ व परदेशातून रविवारी येणारा मुलाचा फोन एवढेच उरले. म्हणून कार्यालयाने ‘लोकसहभाग निरीक्षक’ हे बिनपगारी पद पुढे केले तेव्हा त्यांनी वाटाघाटीचे नाटकसुद्धा केले नाही. सकाळी इस्त्रीचा सदरा घालून जायला कुठेतरी ठिकाण मिळाले, हाच पगार.

पहिल्या दिवशी त्यांनाही एक निळी टाचणी मिळाली होती. ती अजून खिशातच होती. आहे तसे राहावे असे वाटेल, असे प्रभागातले एकही ठिकाण त्यांना सुचले नव्हते.

त्यांनी भिंग काढले आणि पुलापाशी वाकून पाहिले. मग बराच वेळ ते सरळ झालेच नाहीत. चोरी झाली होती हे खरे. पण अशी नीटनेटकी चोरी त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

२

टाचण्यांच्या डब्याजवळ दिवसभर बसणाऱ्या बाईंना सगळे टाचणीताई म्हणत. दाराजवळ त्यांची खुर्ची, पाठ टेबलाकडे. कारण न पाहण्याचा नियम त्यांनी फारच मनावर घेतला होता. रोज संध्याकाळी मऊ ब्रशाने प्रतिकृतीवरची धूळ झटकून मगच त्या कुलूप लावीत. काल पुलाजवळ ब्रश टाचण्यांत अडकला होता, हे त्यांना पक्के आठवत होते. म्हणजे चोरी सकाळची.

सकाळी त्यांनी दार उघडले आणि पिण्याचे पाणी भरायला मागच्या अंगणात गेल्या. त्या वेळात दालनात तिघे आले: खुर्च्या मांडून घ्यायला रस्तेसाहेब, म्हणजे आराखड्यातले रस्ते आखणारे अभियंते, शेवटची टाचणी लावायला नाक्यावरचे किराणाशेठ, आणि रोजच्यासारखे वर्तमानपत्र वाचायला घड्याळजी.

“आणि मी,” ताई म्हणाल्या. “माझंही नाव घ्या काका. नाहीतर म्हणाल, हिनं स्वतःला सोडून सगळ्यांची नावं घेतली.”

ओळंब्यांनी मान डोलावली आणि त्यांचेही नाव मनात घेतले. ताई पुढे बोलत राहिल्या. काल रस्तेसाहेबांनी दालनातल्या सगळ्यांना सांगितले होते म्हणे, की सुनावणीत नुसते टाचण्यांचे आकडे वाचायचे नाहीत. जिथे दाटी असेल तिथल्या लोकांना उभे करून त्यांचे म्हणणे ऐकायचे. तेव्हापासून लोकांना वाचा फुटली आहे, जो तो भाषण पाठ करतो आहे, असे ताईंचे निरीक्षण.

रस्तेसाहेब टेबलाच्या दुसऱ्या बाजूला हजेरीचे फलक लावत होते. चाळिशीचा, उंचापुरा, घाईचा माणूस. नवा रुंद रस्ता आणि त्यावरचा मोठा पूल ही त्यांची आखणी. जुना लोखंडी पूल तिच्या आड येत होता. चोरीचा फायदा कुणाला, असे विचारले असते तर शेंबड्या पोरानेही त्यांच्याकडे बोट केले असते. ते त्यांनाही ठाऊक होते.

“काका, रुंद रस्त्याच्या बाजूनं किती टाचण्या आहेत ते बघा. तिथं बूच दिसत नाही. या वीस राहिल्या काय नि गेल्या काय, मी कशाला हात काळे करू?” मग जरा नरमून त्यांनी सांगितले, की जुना पूल गेल्याने कुणाचे अडणारही नव्हते. नव्या पुलाला चालणाऱ्यांसाठी दोन्हीकडे जिना ठेवला होता. फेरा पडणार तो जेमतेम एका गल्लीचा.

बोलता बोलता त्यांनी बागेतली एक लाल टाचणी दाखवली. शाळेची सहल आली तेव्हा कुठल्याशा मुलाने ती चुकून तिथे टोचली होती आणि नंतर ताईंच्या देखत साहेबांनीच ती उपटून बाजूला लावली होती. ओळंबे त्या जुन्या भोकावर वाकले. भोकाच्या कडेचा हिरवा रंग टवका उडून गेला होता आणि भोक लांबट झाले होते.

ते पुन्हा पुलाकडे आले. तिथले प्रत्येक भोक गोल होते. एकाचाही टवका उडाला नव्हता.

३

किराणाशेठ दुकानात गिऱ्हाइकाची वाट पाहत बसले होते. वाट पाहण्याचा त्यांचा सराव दिसत होता. दुकान पुलाच्या अलीकडच्या टोकाला. पूल पडला की रुंद रस्ता दारावरून जाणार, म्हणून त्यांनी त्या रस्त्यावर पिवळी टाचणी लावली होती आणि ते लपवण्याची त्यांना गरज वाटत नव्हती.

आपण टाचण्या काढल्या नाहीत, असे त्यांनी न विचारताच सांगितले. वर हेही सांगितले, की काढाव्या असे मनात मात्र आले होते, कारण त्या टाचण्या पाहून त्यांचे डोके चक्रावले होते. “मी तुम्हाला विचारतो काका. पुलापलीकडं एखादं माणूस सोडलं तर राहतं कोण? कारखाना बंद झाला तशी एकेक बिऱ्हाड हललं. कुलपांची गल्ली म्हणतात तिला आता. मी इथं बसून दिवसभर तोच पूल बघतो. त्यावरून कबुतरं जास्त जातात. मग या वीस टाचण्या आल्या कुठून?”

ओळंबे उठले. सकाळपासून ते टाचण्या कुणी काढल्या हे शोधत होते. शेठनी त्यांना त्याआधीचा प्रश्न हाती दिला होता: त्या लावल्या कुणी?

दालनात परतल्यावर त्यांनी तिसऱ्या माणसाला गाठले. खिडकीच्या बाजूला वर्तमानपत्रांचे उंच, उतरते लाकडी मेज होते. त्यामागे घड्याळजी रोज बसत; ओळंबे येण्याआधी येत, ते गेल्यावर जात. अलीकडून दिसे ते पांढरे डोके, जाड चष्मा आणि खांद्यावरची शाल. ओळंब्यांनी हात जोडले. घड्याळजींनीही जोडले, पण बसल्या जागीच. आपल्याहून वयाने फार मोठा नसलेला माणूस अर्धवटही उठत नाही, याचे ओळंब्यांना किंचित वाईट वाटले.

घड्याळजींनी कुणाला पाहिले नव्हते. डोळे वर्तमानपत्रात होते, म्हणाले. मग काहीतरी आठवल्यासारखे त्यांनी विचारले, “टाचण्या नसल्या की पूल जाणारच का हो?”

जाणारच, ओळंब्यांनी सांगितले. समितीने त्याकडे पाहायचेही कारण उरत नाही.

घड्याळजींनी पान उलटले. ते पान त्यांनी आधीच वाचलेले होते, कारण ते त्यांनी मागे उलटले.

४

जेवणाच्या सुटीत दालन रिकामे झाले. ओळंब्यांनी डबा उघडला नाही. कोपऱ्यातल्या झाडूच्या काही काड्या मोडून घेतल्या, सारख्या लांबीच्या केल्या, आणि पुलाजवळच्या एकेका भोकात अलगद सोडल्या.

टाचणी माणूस कधीच ओळंब्यात खोचत नाही. हात जिथून येतो तिकडे तिचे डोके झुकते. उभा माणूस वरून दाबतो, त्याची टाचणी जवळपास सरळ राहते. बसलेल्या माणसाची बरीच कलते. हे कुठल्या पुस्तकात नसते, पण उन्हातान्हात खुंट्या ठोकलेल्या माणसाला ते सांगावे लागत नाही.

काड्या उभ्या राहिल्या नाहीत. सगळ्याच्या सगळ्या कलल्या, आणि एकाच दिशेला. वाऱ्याने गवत झोपावे तशा.

त्यांनी प्रत्येक काडीच्या रेषेत डोळा धरून नजर पुढे नेली. सर्व रेषा टेबलाच्या एकाच कडेबाहेर, एकाच उंचीवर येऊन मिळत होत्या: बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. टाचण्या वीस होत्या, हात एकच.

शाळेची मुले ठेंगणी होती खरी, पण ती टेबलाच्या चारी बाजूंनी लोंबकळली होती. त्यांच्या काड्या दहा दिशांना गेल्या असत्या. टाचणीताई बसून असत, पण त्यांची खुर्ची दाराकडे, आणि काड्या दाराकडे पाठ करून कलल्या होत्या. टेबलाशी खुर्ची नव्हतीच, म्हणजे रस्तेसाहेब आणि शेठ उभेच असणार.

आता राहिले टवके. तिरपी शिरलेली टाचणी उभ्या माणसाने वर उपटली, की ती भोकाची कड घेऊन येते. बागेतल्या लाल टाचणीने तेच केले होते. इथे एकही कड दुखावली नव्हती. म्हणजे ज्याने काढल्या त्याने त्या ज्या तिरप्या रेषेत शिरल्या त्याच रेषेत मागे ओढल्या. तोही बसलेला होता, त्याच कडेला, त्याच उंचीवर. चोर आणि धनी एकच होता. आणि त्या हाताला घाईघाईतसुद्धा नाजूक वस्तू न दुखावता काढायची सवय होती.

काड्या कुठे बोट दाखवत होत्या हे पाहायला ओळंब्यांनी मान वर केली. समोर खिडकी होती, वर्तमानपत्रांचे मेज होते, आणि मेजावरून दोन डोळे त्यांच्याकडे पाहत होते. सुटीत घरी न जाणारा दालनात आणखी एक माणूस होता.

५

ओळंबे मेजाला वळसा घालून पलीकडे गेले, आणि सकाळचा नमस्कार त्यांच्या ध्यानात आला. घड्याळजींच्या खुर्चीला चाके होती. शाल गुडघ्यांवरून खाली सोडलेली होती आणि तिच्याखाली फारसे काही नव्हते.

आपण मघाशी मनात रुसलो याची ओळंब्यांना शरम वाटली. ते शेजारच्या बाकावर बसले, म्हणजे निदान डोळे तरी एका पातळीवर आले. कोण कुठे टाचणी लावतो हे न विचारण्याचा नियम त्यांनाही लागू होता. म्हणून त्यांनी विचारले नाही. पुलाजवळून उपटून आणलेल्या काड्यांपैकी एक तेवढी मेजावर ठेवली.

घड्याळजींनी ती बोटांत फिरवून पाहिली. मग खिशातून चपटी पत्र्याची डबी काढून काडीशेजारी ठेवली. झाकणाखाली निळी डोकी दाटीवाटीने बसली होती.

“चोरल्या नाहीत,” ते म्हणाले. “माझ्याच होत्या.”

पुढचे त्यांनी तुटक तुटक सांगितले. कुलपांच्या गल्लीत त्यांचे दुकान, मागे राहण्याची खोली. एकेक घर बंद होत गेले. जाताना लोक म्हणत, येऊ अधूनमधून. प्रतिकृती पाहिली तेव्हा त्यांनी आपली एक टाचणी लावली. ती पुलापाशी इतकी एकटी दिसली की दुसऱ्या दिवशी, डब्यातून किती घेतल्या हे कुणी मोजत नव्हते म्हणून, शिंप्याच्या घरची लावली, मग जुळ्या बहिणींची, मग बँडवाल्याची. ती माणसे इथे असती तर लावलीच असती, असे त्यांनी मनाला समजावले. टाचण्या वाढल्या तशी गल्ली पुन्हा भरल्यासारखी वाटू लागली. सकाळी दालनात आले की आधी तिकडे पाहायचे आणि मग वर्तमानपत्र, असा रिवाज पडला.

मग काल साहेब म्हणाले, दाटी असेल तिथल्यांना उभे करू.

“पुलाची माणसं उभी राहा, असं म्हणाले असते,” घड्याळजी किंचित हसले. “वीसजण. आणि त्यातला एकच हजर, तोही उभं राहू न शकणारा.”

ओळंब्यांना हसू आले नाही. त्यांनी विचारले, की मग स्वतःची टाचणी का काढली? ती तर खरी होती.

एका टाचणीला कोण विचारतो, असे घड्याळजींचे म्हणणे. नव्या पुलाला जिना आहे हे त्यांना माहीत होते. जुना गेला की ते पलीकडे अडकणार. वाचनालय, किराणा, दवाखाना, सगळे अलीकडे. पुतणी लांबच्या शहरातल्या एका संस्थेचा पत्ता पाठवते आहे, चांगली जागा आहे म्हणते. एकट्यासाठी कार्यालयाने लोखंड राखावे हे कुठल्या तोंडाने मागायचे?

तेव्हा ओळंबे उठले आणि दाराच्या मागे लावलेला नियमांचा फलक काढून घेऊन आले. दार दिवसभर उघडे, म्हणून तो महिनाभर कुणाला दिसलाच नव्हता. शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवले. जिथे टाचणी आहे, मग ती एक का असेना, तिथला निर्णय समितीने जागेवर जाऊन पाहिल्याखेरीज घ्यायचा नाही.

“आकड्यांचं हे कामच नव्हतं,” ओळंबे म्हणाले. “एक पुरत होती.”

घड्याळजींनी चष्मा काढून पुसला, आणि तो पुन्हा लावायला त्यांना वेळ लागला. बाहेर खुर्च्या सरकवण्याचे आवाज येऊ लागले होते. त्यांनी डबी ओळंब्यांपुढे सरकवली; तुम्हीच लावा म्हणाले, माझ्या हाताने आधीच फार लावल्या.

ओळंब्यांचा हात खिशाकडे गेला. स्वतःची निळी टाचणी तिथेच होती. पण ज्याची त्याने लावायची. आणि जो पूल आपण एकदाही ओलांडला नाही तो राहू द्या म्हणायला त्यांचे मन धजेना. त्यांनी डबी परत केली आणि तोंड दाराकडे वळवून, टाचणीताईंसारखे, पाठमोरे उभे राहिले.

मागे चाके कुरकुरली. मग बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. टाचणी लागली की नाही हे कळायला मार्ग नव्हता, आणि लोक आत येऊ लागले होते.

६

सुनावणीला समितीच्या अध्यक्षीणबाई, मागे कार्यालयाची मंडळी, आणि दालन तुडुंब. रुंद रस्त्यावर भाषणे झाली, बागेवर झाली, शेठ तर दोनदा बोलले. शेवटी रस्तेसाहेब प्रतिकृतीवर वाकून म्हणाले, “जुना लोखंडी पूल. निळी टाचणी,” आणि पुन्हा नीट पाहून, “एक.”

मागे कुणीतरी खुदकन हसले. अध्यक्षीणबाईंनी विचारले, पुलाच्या बाजूने कुणाला बोलायचे आहे का?

वर्तमानपत्रांच्या मेजामागून एक हात वर झाला. मग खुर्ची बाहेर आली आणि लोकांनी वाट दिली. महिनाभर रोज येणाऱ्या त्या माणसाला चाके आहेत हे अर्ध्या दालनाने तेव्हाच पाहिले.

घड्याळजींनी डबी अध्यक्षीणबाईंपुढे ठेवली. “काल इथं वीस होत्या. त्या मीच लावल्या होत्या आणि मीच काढल्या. ती माणसं गेलीत. मी आहे. एकट्यानं पूल मागावा की नाही हे मला कळत नव्हतं, म्हणून गर्दी केली. बाकी काही नाही.”

अध्यक्षीणबाई उठल्या. नियम होता, म्हणून समिती पायी निघाली.

कुलपांच्या गल्लीत दोन्ही बाजूंना बंद दारे होती. एक दुकान तेवढे घड्याळजींनी उघडले, आणि त्यात भिंतभर घड्याळे: जाणाऱ्यांनी दुरुस्तीला टाकलेली, न्यायला कुणी न आलेली. सगळी चालू होती. घड्याळजी त्यांना रोज किल्ली देत. रिकाम्या गल्लीत तेवढाच एक आवाज होता, आणि तो ऐकताना माणसे आपापल्या नकळत हळू बोलू लागली.

परतताना रस्तेसाहेब पुलाच्या मध्यावर थांबले आणि उताराकडे पाहत राहिले. नव्या पुलाला जिना आपणच काढला, ओळंब्यांना ते म्हणाले; उतार सुचलाच नाही. अध्यक्षीणबाईंनी तिथेच सांगितले, की जुना पूल वर्षभर हलवायचा नाही. नव्याला उतार होतो का ते बघा, आणि याचा वापर कोण करतो तेही बघा.

लोक पांगले. प्रतिकृती खोक्यांत गेली. ओळंब्यांचे पदही तिच्याबरोबर संपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सवयीने इस्त्रीचा सदरा घातला आणि मग तो कशासाठी हे आठवून खोलीत उभे राहिले. थोड्या वेळाने ते बाहेर पडले, शेठच्या दुकानावरून गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एकटे तो पूल ओलांडून पलीकडे उतरले. शेठनी मान वळवून पाहिले.

घड्याळजींच्या फळीवर त्यांनी मनगटावरचे घड्याळ काढून ठेवले. मागे पडते आहे, म्हणाले.

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावले, मागचे झाकण उघडले, कानाशी धरले. मग झाकण पुन्हा बसवून ते ओळंब्यांकडे पाहू लागले.

“यात काही बिघाड नाही.”

“माहीत आहे,” ओळंबे म्हणाले. “तरी ठेवून घ्या. उद्या न्यायला येतो.”